दिव्यांग व्यक्तीला माणसे जोडून देताना: मदतनिसांसाठी मार्गदर्शन

दिव्यांग व्यक्तीच्या मदतनिसाला बिछान्यातून खुर्चीत कसे घ्यावे, घास कसा भरवावा, फिट आली तर काय करावे, हे कोणी ना कोणी शिकवते. त्या व्यक्तीला चार ओळखीची माणसे कशी मिळवून द्यावीत, हे मात्र बहुधा कोणीच शिकवत नाही. हे काम वरकड नाही. भारताने 2007 साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातील कलम 19 मध्ये वैयक्तिक मदत कशासाठी हवी, हे स्पष्ट लिहिले आहे: समाजात राहता यावे, त्यात सामावून जाता यावे आणि एकटे पडण्याची वेळ येऊ नये. आपल्याकडील 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम 5 हेही याच हक्काविषयी आहे. आंघोळ, जेवण आणि औषधे वेळच्या वेळी झाली, पण दिवसभरात घराबाहेरच्या एकाही माणसाशी बोलणे झाले नाही, तर निम्मे काम राहून गेले असे समजावे.

या लेखात प्रामुख्याने बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तींचा विचार केला आहे, कारण एकटेपणाची झळ त्यांनाच सर्वांत लवकर लागते. अठराव्या वर्षाच्या आसपास विशेष शाळा सुटते, संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे दिव्यांगांना देखरेखीखाली काम देणाऱ्या केंद्रात, सर्वांना जागा मिळत नाही, भावंडे नोकरी-लग्नाच्या निमित्ताने दूर जातात आणि कालपर्यंत गजबजलेले जग आईवडील व मदतनीस यांच्यापुरते उरते. त्यावर उपाय म्हणून आपण सहसा सहल काढतो, 3 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, कार्यक्रमाला नेतो, बागेत फिरवून आणतो. हे सगळे चांगलेच आहे, पण त्यातून ओळखी होत नाहीत. ओळख वाढते ती त्याच जागी, त्याच वेळी, त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटल्याने, आणि तीही हातात काही काम असेल तर. म्हणून मदतनिसाने वर्षभरात दहा नव्या जागा दाखवण्यापेक्षा एक जागा पक्की करून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सगळे त्यासाठीच लिहिले आहे.

आधी माणसे मांडून पाहा

एक मोठा कागद घ्यावा, मध्यभागी त्या व्यक्तीचा फोटो चिकटवावा आणि तिच्यासोबत बसून, तिला दाखवत दाखवत, तिच्या आयुष्यातील माणसे तीन गटांत मांडावीत. पहिल्या गटात नात्यातील माणसे येतात. दुसऱ्यात पगार किंवा फी घेऊन येणारी माणसे येतात, म्हणजे आपण स्वतः, फिजिओथेरपिस्ट, शिक्षिका. तिसऱ्या गटात अशी माणसे येतात, जी नात्याची नाहीत, पैसे घेत नाहीत आणि तरीही आपणहून बोलतात. हा तिसरा गट अनेकदा रिकामा दिसतो. पण पहिल्याच दिवशी कागद गुंडाळून ठेवू नये, कारण घरच्यांच्या लक्षात न आलेली माणसे आठवडाभर रस्त्याने चालताना आपल्याला दिसू लागतात: नाव घेऊन हाक मारणारा वाणी, शाळेत असताना रोज नेणारे रिक्षावाले काका, खालच्या मजल्यावरच्या आजी, इस्त्रीवाला. सुरुवात याच माणसांपासून करावी. ओळखीच्या वाण्याकडे रोज त्याच वेळी स्वतः जाऊन दूध आणणे, पैसे स्वतःच्या हाताने देणे आणि उरलेले सुटे मोजून घेणे हे नव्या क्लबात नाव घालण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरू शकते.

आवडीनिवडीचा शोधही याच काळात घ्यावा. “याला काय आवडते?” असे विचारले की उत्तर आई देते, आणि ते बरेचदा मुलगा दहा वर्षांचा असतानाचे असते. म्हणून विचारण्यापेक्षा पाहावे. रेडिओवर अभंग लागला की मांडीवर ठेका धरला जातो का, वरात आली की पाय खिडकीकडे वळतात की हात कानांवर जातात, भाजी निवडायला बसवले तर किती वेळ रमते, हे वहीत टिपून ठेवावे. जी व्यक्ती बोलत नाही तिला दोन ठिकाणांचे फोटो दाखवून निवड करू द्यावी, आणि एकदा जाऊन आल्यावर पुढच्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा समोर ठेवावा. फोटो पाहताच स्वतःहून चपला घालायला उठणे हा होकार आहे. फोटो उलटा करून ठेवणे हा नकार आहे, आणि तो आपल्या आवडीच्या विरुद्ध असला तरी मानावाच लागतो.

जागा कोणती निवडावी

महाराष्ट्रात यासाठी नवे काही उभारण्याची गरज फारशी पडत नाही. गावोगावी आणि गल्लोगल्ली माणसे आधीच एकत्र जमत असतात. भजनी मंडळ, सार्वजनिक वाचनालय, कबड्डीचे मैदान, बचत गट, हास्यक्लब, सोसायटीची बाग, टेकडीवर रोज सकाळी जाणारा चमू, ढोल-ताशा पथक, यांपैकी काहीतरी चालण्याच्या अंतरावर असतेच. निवडताना पाहायचे ते एवढेच, की तिथे तीच माणसे नियमित येतात का, हातांना काही काम असते का आणि काम संपल्यावर लोक थोडे रेंगाळतात का. शेवटच्या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होते. खरी ओळख भजनात होत नाही, भजनानंतरच्या चहात होते. त्यामुळे “भजन संपले, आता चला” म्हणत लगेच घरी नेणारा मदतनीस नेमका मोलाचा भाग कापून टाकत असतो.

गणेशोत्सवाचे उदाहरण घ्या. दहा दिवसांत रोज आरतीला नेऊन आणले तरी ती व्यक्ती मंडळासाठी भाविकच राहते. पण मंडळाचे काम त्याआधी कितीतरी दिवस सुरू होते: वर्गणीची पावतीपुस्तके निघतात, मांडव पडतो, देखाव्याची रंगरंगोटी चालते. त्या दिवसांत जो रंगाचा डबा धरतो, वर्गणी मागायला जोडीने दारोदार फिरतो, पावतीवर मंडळाचा शिक्का मारतो, तो कार्यकर्ता होतो, आणि कार्यकर्त्याची आठवण मंडळाला उत्सव संपल्यावरही राहते. ढोल-ताशा पथकाचा सरावही गणपतीच्या बराच आधी सुरू होतो, आणि ढोल वाजवता आला नाही तरी दोऱ्या ताणायला, ध्वज धरायला, पाणी द्यायला माणसे लागतातच. मात्र आवाजाचा त्रास होणाऱ्या, विशेषतः स्वमग्न व्यक्तीला तिथे नेण्याचा आग्रह धरू नये.

स्त्रियांच्या बाबतीत अधिक बारकाईने पाहावे लागते. हळदीकुंकवासारख्या कार्यक्रमात अनेक घरी अजूनही केवळ सुवासिनींना बोलावतात, आणि दिव्यांग स्त्री अविवाहित असेल तर पाहुण्या बाहेर बसलेल्या असताना ती आतल्या खोलीत बसून राहते. अशा घरात आधी भिशी, बचत गट किंवा वाचनालय यांचा विचार करावा, जिथे येण्यासाठी लग्नाची अट नसते. हळूहळू आईशी बोलून संक्रांतीचे वाण तिच्याच हातून शेजारी पोहोचवण्याची प्रथा पाडता येते.

पहिल्या भेटीआधी

ठरवलेल्या जागी मदतनिसाने आधी एकट्याने जाऊन यावे. पायऱ्या किती, कठडा आहे का, स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, संध्याकाळी उजेड किती असतो, हे पाहावे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथला एक माणूस हेरावा. प्रत्येक गटात असा एक जण असतो, जो नव्या माणसाला सरकून जागा देतो आणि कोण आले नाही याची चौकशी करतो. तो बहुतेक वेळा अध्यक्ष नसतो. त्याच्याशी बोलावे आणि पहिल्या दिवशी त्याच्याशेजारी बसण्याची सोय करावी.

काय सांगायचे, हे त्या व्यक्तीला विचारून ठरवावे. आजाराचे नाव, बुद्ध्यंक, लहानपणीची हकीकत यांपैकी काहीही सांगण्याची गरज नसते आणि आपल्याला तो अधिकारही नाही. कामापुरते सांगावे: “यांना उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, थांबलात तर ते सांगतात”, किंवा “फार जण एकदम बोलले की गोंधळ होतो, तेव्हा ते थोडा वेळ बाहेर जाऊन बसतील”. एवढ्या माहितीवर लोक नीट वागतात. दयेच्या सुरात ओळख करून दिली तर लोक दयाच करतात, आणि दया आली की मैत्रीला जागा राहत नाही.

येण्याजाण्याचा खर्च हा अनेक घरांत खरा अडसर असतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढलेले नसेल तर ते आधी काढून घ्यावे. एसटीच्या साध्या बसमध्ये दिव्यांग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत मिळते, आणि दिव्यांगत्व 65 टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास सोबत्यालाही 50 टक्के सवलत मिळते. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. ग्रामपंचायतीसह स्थानिक स्वराज्य संस्थांना आपल्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. समाजमंदिराला उतार नसेल तर त्यातून करून मिळावा म्हणून कुटुंबाला ग्रामसभेत अर्ज देता येईल, आणि तो अर्ज लिहायला मदतनिसाने हातभार लावावा.

चहा कोणाला विचारायचा

या कामातील सर्वांत अवघड कौशल्य गप्प राहण्याचे आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या, तिशीतल्या एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. विठ्ठल मंदिरातील भजनी मंडळात त्यांच्याकडे टाळांचे काम आले. भजनाआधी कापडी पिशवीतून टाळ काढायचे, दोरीचा गुंता सोडवायचा, प्रत्येकाच्या हातात एकेक जोडी द्यायची आणि शेवटी सगळ्या जोड्या मोजून पिशवीत ठेवायच्या. भजन संपल्यावर चहा आला, तेव्हा पखवाज वाजवणाऱ्या बुवांनी मदतनिसाकडे पाहून विचारले, “यांना चहा चालतो का हो?” मदतनिसाला उत्तर ठाऊक होते. त्याने ते दिले नाही. त्याने फक्त मान वळवून त्या गृहस्थांकडे पाहिले आणि तसाच थांबला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग उत्तर आले, “अर्धा कप. साखर कमी.” बुवा हसले, त्यांनी कप पुढे केला, आणि पुढच्या खेपेला मदतनिसाकडे न पाहता थेट विचारले, “अर्धाच ना?”

एवढ्याशा प्रसंगात पुष्कळ काही आहे. प्रश्न आपल्याकडे आला की नजर त्या व्यक्तीकडे वळवावी. उत्तराला वेळ लागला तर लागू द्यावा. अवघडलेली शांतता आपण भरून काढली की लोक पुढेही आपल्यालाच विचारत राहतात. बसताना शेजारी न बसता किंचित मागे बसावे, म्हणजे बोलणाऱ्याची नजर आपोआप पुढच्या माणसावर जाते. आपण गप्पांमध्ये रमलो, विनोद केले, सर्वांचे लाडके झालो, तर मंडळाला एक चांगला मदतनीस मिळतो, पण त्या व्यक्तीला मित्र मिळत नाही. “दादा, शी लागली का?” असे विचारणे, तोंड पुसणे, शर्ट नीट करणे यांसाठी बाजूला जावे; तिशीतल्या माणसाला लोकांसमोर लहान मुलासारखे वागवले की इतरही त्याला “बाळ” म्हणू लागतात. आपण त्यांना अहो-जाहो केले तर मंडळही तेच करते.

मागे सरकण्याचा क्रम

सोबत बसण्यापासून दाराजवळ, दारातून बाहेरच्या टपरीवर आणि तिथून फक्त फोनवर, असे मागे सरकत जावे. याला काही महिने लागतात, कोणाला वर्षही लागते, आणि काही व्यक्तींना शारीरिक गरजेमुळे कोणी ना कोणी जवळ लागतेच. त्यांच्या बाबतीत शरीराने जवळ आणि संभाषणातून दूर राहण्याची सवय करावी. मागे सरकण्याची वेळ झाली की नाही, हे आपल्या अंदाजावरून ठरवू नये. दुसरे कोणी त्यांच्यासाठी जागा धरू लागले का, ते एखाद्या दिवशी आले नाहीत तर घरी फोन आला का, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात त्यांचा स्वतःचा नंबर घातला गेला का, हे पाहावे. वाचता येत नसेल तर गटात बोललेले संदेश पाठवण्याची विनंती करता येते, आणि बहुतेक लोक ती आनंदाने मान्य करतात.

ओळखीचे मैत्रीत रूपांतर व्हायचे तर घेणे आणि देणे दोन्ही हवे. आपल्या समाजात नाते येण्याजाण्यावर टिकते. चहाचे पैसे एकदा बुवांनी दिले तर पुढच्या वेळी त्या गृहस्थांनी द्यावेत, म्हणून त्यांच्या खिशात त्यांचे पैसे असावेत, मदतनिसाच्या नव्हे. मंडळातील कोणाच्या घरी बारसे असेल तर त्यांनी जावे; कोणाकडे दुःखद घटना घडली तर भेटायलाही त्यांनी जावे. दिव्यांग व्यक्तीला अशा प्रसंगी नेऊ नये, तिला काय कळते, असे घरचे म्हणतात, पण दुःखात जो येऊन शेजारी बसतो त्याला लोक विसरत नाहीत. घरी बोलावण्याची वेळ आली की आई संकोचते, घर लहान आहे, तो जेवताना सांडतो, असे म्हणते. तिथे घाई न करता पहिल्यांदा दारात पाणी, मग चहा, मग कधीतरी पोहे, असे हळूहळू पुढे जावे.

भीती खरी असते

आईवडिलांच्या भीतीला गैरसमज म्हणून झटकू नये. थट्टा होते, पैसे उकळले जातात, अंगचटीला येणारी माणसेही भेटतात. उपाय घरात कोंडून ठेवण्याचा नाही, कारण ज्याला कोणीच विचारत नाही त्याचा त्रास कोणाच्या लक्षातही येत नाही. मदतनिसाने शिकवायचे ते हे: अंगाला कोणी कुठे हात लावलेला चालतो आणि कुठे नाही, “नको” मोठ्याने कसे म्हणायचे, आणि कोणी “हे कोणाला सांगू नकोस” म्हटले तर तेच आधी सांगायचे. बोलता येत नसेल तर त्यासाठी चित्रे हाताशी ठेवावीत. शोषण होत असल्याचा संशय आला तर दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम 7 नुसार कोणीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तहसीलदारासारख्या अधिकाऱ्याला, माहिती देऊ शकते; घरच्यांच्या अब्रूखातर ते टाळू नये. साध्या थट्टेच्या बाबतीत मात्र त्या ठिकाणी हेरलेल्या माणसाने बोललेले अधिक लागू पडते. “येड्या” म्हणून हाक मारणाऱ्याला बाहेरच्या मदतनिसाने रागावले तर तो चिडतो. बुवांनी “त्यांना नाव आहे” एवढे म्हटले तर तो गप्प बसतो. तरीही थट्टा थांबली नाही, तर ती जागा सोडावी आणि दुसरी शोधावी.

प्रौढ व्यक्तीला कोणी आवडू लागते, तेव्हा मदतनिसाने घाबरून भेटी बंद करू नयेत. संमती म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगावे, समोरच्या व्यक्तीची इच्छा काय आहे ते समजून घेण्यास मदत करावी आणि त्या व्यक्तीचे खासगी बोलणे सगळेच घरी सांगण्याची सवय लावून घेऊ नये.

गरजेनुसार थोडे बदल

कर्णबधिर व्यक्तीसोबत असाल तर गटाला भारतीय सांकेतिक भाषेतील रोजच्या वापराच्या मोजक्या खुणा शिकवाव्यात, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असेल असे बसवावे आणि सतत दुभाष्या होऊन मध्ये उभे राहू नये. अंध व्यक्तीशी बोलताना आधी स्वतःचे नाव सांगावे आणि निघताना “मी निघतो” असे सांगूनच निघावे, हे गटातील सर्वांना समजावून द्यावे. हात धरून ओढण्याऐवजी आपला कोपर पुढे करावा. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणे अस्पष्ट असेल तर समजल्याचे नाटक न करता “पुन्हा सांगता का?” असे विचारायला गटाला शिकवावे. आयआयटी मुंबईने विकसित केलेले जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलता येणारे मोफत ॲप मराठीतही आहे; त्यात “चहा हवा”, “बाथरूमला जायचे” यांसोबत “तुमचा नातू कसा आहे?” असे वाक्यही भरावे, कारण केवळ मागण्या करणाऱ्या माणसाशी गप्पा होत नाहीत. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मधले काही आठवडे गैरहजेरीचे जातील हे गृहीत धरून, त्या काळात मंडळाला कोणता निरोप द्यायचा, हे बरे असतानाच तिच्याशी बोलून ठरवावे.

मदतनीस बदलतो तेव्हा

पगार तुटपुंजा असल्याने मदतनीस बदलत राहतात, आणि दर वेळी माणसे जोडण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. यासाठी एक वही ठेवावी. औषधांची वही घरात असतेच. ही माणसांची वही वेगळी असावी, आणि त्या व्यक्तीच्या संमतीने लिहावी. मंडळ कोणत्या दिवशी किती वाजता जमते, ते कोणाशेजारी बसतात, कोणाचा फोन आला तर आनंद होतो, कोणापासून जपायचे, चहात साखर किती, कोणाच्या घरच्या कार्याला जायचे राहिले आहे, एवढे त्यात असावे. नोकरी सोडताना नव्या मदतनिसाला किमान दोन वेळा सोबत नेऊन त्या जागी ओळख करून द्यावी, आणि ती ओळख आपण न करता त्या गृहस्थांनाच करून द्यायला सांगावी: “हे आमचे नवे दादा, आजपासून हे येतील.”